फोनचे लॉक: पॅटर्न, पिन, बोट की चेहरा?

नवा फोन सुरू केला की पहिल्या काही मिनिटांतच तो स्क्रीन लॉकचा प्रकार विचारतो, आणि दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्याच बहुतेक जण जे सर्वांत लवकर उरकेल ते निवडून मोकळे होतात. बँकेचे ॲप, यूपीआय, डिजिलॉकरमधली कागदपत्रे, कार्यालयाची ईमेल, घरच्यांचे फोटो आणि प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी हे सगळे ज्या एका यंत्रात साठलेले असते, त्याच्याबाबतचा हा निर्णय इतक्या घाईत होऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून आज बाजारात मिळणाऱ्या फोनमध्ये लॉकचे जे प्रकार येतात, ते घरातल्या आणि नात्यातल्या माणसांच्या फोनवर वापरून पाहिले आणि त्यांची तुलना करून हे परीक्षण लिहीत आहे. त्यात बाजूच्या बटणात फिंगरप्रिंट सेन्सर असलेला दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड फोन आहे, स्क्रीनखाली सेन्सर असलेला मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन आहे आणि फेस आयडी (ॲपलची चेहरा ओळखून फोन उघडणारी सोय) असलेला आयफोनही आहे.

निवाडा आधीच सांगते. कुणालाही अंदाज बांधता येणार नाही असा सहा आकडी पिन पायाला आणि रोजच्या वापरासाठी त्यावर फिंगरप्रिंट, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटली. आयफोन असेल तर फिंगरप्रिंटच्या जागी फेस आयडी. पॅटर्न मी कुणालाच सुचवणार नाही, आणि साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालणारा फेस अनलॉक तर बंदच ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

बोट टेकवले की फोन उघडतो, म्हणजे बोट हेच खरे लॉक, असा समज सर्वत्र दिसतो. प्रत्यक्षात बोट किंवा चेहरा नोंदवण्याआधी फोन पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड यांपैकी एक काहीतरी ठेवायला लावतोच, आणि शेवटचा शब्द त्याचाच असतो. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की बोट चालत नाही, पिनच द्यावा लागतो. अँड्रॉइड फोन दर ७२ तासांतून एकदा तरी पिन मागतो. आयफोन ४८ तास उघडला गेला नसेल, किंवा चेहरा लागोपाठ पाच वेळा जुळला नसेल, तर पासकोडवर, म्हणजे आयफोनच्या पिनवर, येतो. यामागे कारण आहे. फोनमधली माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते (अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना हे बंधनकारकच आहे) आणि ती उलगडणारी किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. त्यामुळे फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन दिला जात नाही तोवर त्यातली बहुतेक माहिती फोनलाही वाचता येत नाही. उलट बाजूने पाहिले तर ज्याला तुमचा पिन ठाऊक आहे, तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचे बोटही त्यात नोंदवू शकतो. म्हणजे वर कितीही भारी सेन्सर बसवलेला असला तरी फोनची सुरक्षितता पिनच्या दर्जापलीकडे जात नाही, आणि लॉक निवडताना खरा विचार करायचा तो पिनचाच.

पॅटर्न आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, कारण तो बोटाच्या सवयीने लक्षात राहतो आणि आकडे पाठ करायचा त्रास वाचतो. नऊ ठिपक्यांतून किमान चार आणि कमाल नऊ ठिपके जोडून एकूण ३,८९,११२ आकृत्या होतात, हा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण त्यातल्या बहुसंख्य आकृत्या सात-आठ-नऊ ठिपक्यांच्या असतात. फक्त चार ठिपके जोडले तर १,६२४ आकृत्याच शक्य असतात, तर चार आकडी पिनचे १०,००० प्रकार होतात. त्यातही माणसे डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि एल, झेड, एन अशी अक्षरे गिरवतात. पण गणितापेक्षा मोठी अडचण नजरेची आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात सहा ठिपक्यांचा पॅटर्न शेजारून एकदाच पाहणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांना तो जसाच्या तसा काढता आला. सहा आकडी पिनच्या बाबतीत हेच प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास राहिले. सकाळच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असताना आपल्या स्क्रीनवर किती जणांची नजर पडते, हे रोज प्रवास करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट कुणालाही घरी करून पाहता येईल. पॅटर्न असलेला फोन दोन-चार वेळा उघडा, स्क्रीन बंद करा आणि तो ट्यूबलाइटखाली थोडा तिरपा धरा. जेवून उठलेल्या किंवा डोक्याला तेल लावलेल्या हाताची रेघ काचेवर सरळ उमटलेली दिसते, ती कुठे वळते तेही दिसते, आणि तिच्यावरून बोट फिरवणे एवढेच काम उरते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्येच या डागांचा पद्धतशीर अभ्यास करून हा धोका दाखवून दिला होता. पिनचेही डाग पडतात, मात्र त्यावरून कोणते आकडे दाबले एवढेच कळते, क्रम कळत नाही. ज्यांना काही केल्या पॅटर्न सोडवत नाही, त्यांनी निदान सेटिंगमध्ये जाऊन पॅटर्न दिसण्याचा पर्याय बंद करावा. वर सांगितलेल्या २०१७ च्या अभ्यासात रेघ दिसेनाशी झाल्यावर यशस्वी होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते.

पिन घ्यायचा ठरला की प्रश्न उरतो तो कोणता घ्यायचा याचा, आणि इथेच बहुतेकांचे पाऊल घसरते. फुटलेल्या पासवर्डच्या याद्यांमधले सुमारे ३४ लाख चार आकडी क्रमांक २०१२ मध्ये तपासले गेले, तेव्हा त्यांतले जवळपास ११ टक्के निव्वळ १२३४ हेच निघाले. सहा आकडी पिनचे दहा लाख प्रकार होतात हे खरे, पण त्या सहा जागांत जन्मतारीख भरली की पूर्ण शंभर वर्षांच्या तारखा धरूनही संख्या ३६,५०० च्या आसपास येते, आणि समोरच्याचे वय साधारण दहा वर्षांच्या अंतराने ओळखता आले तर ती ३,६५० वर उतरते. ओळखीच्या माणसाला तर तेवढेही करावे लागत नाही, कारण तुमचा वाढदिवस, लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस आणि स्कूटरचा नंबर त्याला ठाऊकच असतो. फोन साधारण पाच चुकांनंतर काही वेळ थांबवतो आणि पुढे थांबण्याचा वेळ वाढवत नेतो, म्हणून दहा लाखांतला एक आकडा शोधत बसणे अनोळखी चोराला परवडत नाही. पण पहिल्या पाच अंदाजांतच उघडणारा पिन असेल तर या सगळ्या व्यवस्थेचा काही उपयोग नाही.

अंदाज न येणारा आकडा मनाने सुचवायला गेले तर हमखास एखादी तारीखच सुचते. त्यासाठी मी सगळ्यांना एक सोपी युक्ती सांगते. पाकिटातली कोणतीही नोट काढा. तिच्या क्रमांकात सुरुवातीच्या अक्षर-आकड्यांनंतर सहा आकडे असतात. तेच सहा आकडे पिन म्हणून घ्या, पाठ होईपर्यंत नोट घरातच ठेवा आणि मग ती खर्चून टाका. सुरुवातीचे एक-दोन दिवस बोट बंद ठेवून प्रत्येक वेळी पिननेच फोन उघडला की आकडे हातात बसतात. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: फोनचा पिन, यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन हे तीन वेगळे हवेत. यूपीआय ॲप उघडण्यासाठी बहुतेक वेळा फोनचेच लॉक वापरले जाते, त्यामुळे फोनचा पिन कळलेल्या माणसाला पैशांपर्यंत पोहोचू न देणारा एकच अडसर राहतो तो म्हणजे वेगळा यूपीआय पिन. अक्षरे-आकडे मिसळलेला लांब पासवर्ड पिनपेक्षाही मजबूत असतो यात वाद नाही. ज्यांच्या फोनवर पक्षकारांची, रुग्णांची किंवा बातमीच्या स्रोतांची माहिती असते, त्यांनी तो जरूर ठेवावा.

आता फिंगरप्रिंट. वापरून पाहिलेल्या फोनपैकी सर्वांत समाधान दिले ते स्वस्त फोनच्या बाजूच्या बटणातल्या सेन्सरने. खिशातून काढतानाच अंगठा बटणावर पडतो आणि फोन समोर येईपर्यंत उघडलेला असतो. स्क्रीनखालचा सेन्सर दिसायला देखणा, पण आमच्या मधल्या किमतीच्या फोनमधला हा सेन्सर प्रकाशावर चालतो: स्क्रीन बोटावर उजेड पाडते आणि काचेखालून ठशाचे चित्र घेतले जाते. जाड स्क्रीन गार्ड लावला, पावसात हात ओले झाले किंवा भर उन्हात फोन धरला की तो अडखळतो. महागड्या फोनमधला अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनिलहरींनी काम करतो आणि ओलसर बोट बरे ओळखतो. मात्र त्यालाही पडद्यावरचे आवरण नडू शकते. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० मालिकेतले फोन सिलिकॉनच्या काही आवरणांमुळे भलत्याच बोटाने उघडत असल्याचे उघड झाले आणि कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली. यावरून घ्यायची खबरदारी एवढीच की स्क्रीन गार्ड बदलला की जुने ठसे पुसून नव्याने नोंदवावेत आणि न नोंदवलेले एखादे बोट लावून फोन उघडत नाही ना, हे तपासून पाहावे.

ठशाची नक्कल करता येते का, तर येते. आयफोन ५एस २०१३ मध्ये बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरच्या ठशाच्या छायाचित्रावरून खोटे बोट बनवून तो उघडून दाखवला होता. पण त्यासाठी लागणारी चिकाटी आणि साहित्य पाहता गर्दीत फोन मारणारा चोर त्या वाटेला जात नाही. आपल्या घरातला धोका त्याहून साधा आहे: झोपलेल्या माणसाचे बोट सेन्सरवर टेकवणे लहान मुलालाही जमते. असा प्रसंग येण्यासारखा असेल तर अँड्रॉइडमध्ये लॉकडाउन नावाचा पर्याय आहे, जो पॉवर बटणाच्या मेनूमध्ये दिसतो किंवा सेटिंगमधून तिथे आणता येतो. तो दाबला की पुढच्या वेळी फोन फक्त पिननेच उघडतो. आयफोनवर बाजूचे बटण आणि आवाजाचे एखादे बटण एकत्र दाबून धरले की हेच साधते.

ठसा कंपनीकडे जातो का, आधारशी जोडला जातो का, हे प्रश्न मला ज्येष्ठांकडून नेहमी ऐकू येतात आणि ते रास्तही आहेत. उत्तर नाही असे आहे. फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित भागात ठशाचे गणिती रूप साठवले जाते, ते फोनबाहेर जात नाही, आणि बँकेच्या ॲपला फक्त जुळले किंवा नाही एवढेच कळवले जाते.

एक तक्रार मात्र गंभीर आहे, आणि कंपन्यांच्या जाहिरातीत तिचा उल्लेखही सापडत नाही. शेतात, बांधकामावर किंवा धुण्याभांड्याच्या कामावर राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून खेपा घालणाऱ्यांना हे चांगले माहीत आहे. वयाबरोबर त्वचा कोरडी होते तेव्हाही तेच होते. अशांच्या फोनवर फिंगरप्रिंट वारंवार नाकारला जातो, आणि वैतागून ते लॉकच काढून टाकतात, जे सर्वांत वाईट. माझ्या पाहण्यात उपयोगी पडलेला उपाय असा: कमी झिजलेले बोट निवडावे, बहुधा करंगळीशेजारचे किंवा डाव्या हाताचे, तेच बोट दोनदा नोंदवावे, एकदा सकाळी कोरडे असताना आणि एकदा काम आटोपल्यावर, आणि नोंदवताना फोन जसा रोज धरला जातो तसाच धरावा. तरीही जमले नाही तर पिनवर राहावे. आजी-आजोबांना सहा आकडे आठवत नसतील तर ते कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. फोनच्या कव्हरमध्ये मात्र तो कागद मुळीच नको.

चेहऱ्याच्या बाबतीत फोनाफोनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुकानदार तो सांगत नाहीत. आयफोन एक्सपासून, म्हणजे २०१७ पासून, आलेला फेस आयडी चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे ३०,००० हून अधिक इन्फ्रारेड ठिपके टाकून त्याची खोली मोजतो. त्यामुळे तो अंधारात चालतो, छायाचित्राला फसत नाही आणि डोळे उघडे ठेवून फोनकडे पाहिल्याशिवाय सहसा उघडत नाही. परक्या माणसाच्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता ॲपलने दहा लाखांत एक अशी दिली आहे; ठशावर चालणाऱ्या टच आयडीसाठी तीच ५० हजारांत एक आहे. जुळी भावंडे, खूप सारखी दिसणारी सख्खी भावंडे आणि तेरा वर्षांखालची मुले यांच्याबाबत ही खात्री कमी होते, हे कंपनी स्वतःच सांगते. याउलट बहुतेक अँड्रॉइड फोनमधला फेस अनलॉक म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या सपाट चित्राची तुलना. नेदरलँड्समधल्या ग्राहक संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत ११० पैकी ४२ फोन मालकाचा फोटो समोर धरताच उघडले होते. अँड्रॉइडच्या नियमांत अशा पद्धतींचे तीन वर्ग केलेले आहेत आणि फसवणुकीचे प्रमाण ७ टक्क्यांच्या आत असलेल्याच सर्वांत वरच्या वर्गात बसतात. बँकांची ॲप सहसा तेवढ्यावरच विश्वास ठेवतात. तेव्हा दुकानात फोन घेताना एक साधी परीक्षा करता येईल. तुमच्या बँकेचे ॲप या फोनवर चेहऱ्याने उघडते का, ते विचारा. बोट चालते आणि चेहरा चालत नाही, असे उत्तर आले तर तो चेहरा लॉकसाठीही पुरेसा नाही. गूगलच्या पिक्सेल ८ पासूनचा फेस अनलॉक वरच्या वर्गात बसतो, पण अँड्रॉइडमध्ये असे फोन मोजकेच आहेत.

विश्वासाच्या ठिकाणी फोन उघडाच ठेवणारी जी सोय आहे, जिला पूर्वी स्मार्ट लॉक आणि आता एक्स्टेंड अनलॉक म्हणतात, तिच्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. घर हे विश्वासाचे ठिकाण म्हणून नोंदवले की सुमारे ८० मीटरच्या परिघात फोन उघडा राहू शकतो. स्वतंत्र बंगल्यात ते चालून जाईल, पण चाळीत किंवा सोसायटीत तेवढ्या परिघात जिना, पार्किंग, शेजारची इमारत आणि समोरचे दुकान सगळेच येते. अंगावर असेपर्यंत उघडा राहण्याचा पर्याय तर त्याहून धोक्याचा, कारण फोन हातातून हिसकावून पळणाऱ्याच्या अंगावरही तो उघडाच राहू शकतो.

हिसकावण्याचा विषय निघालाच आहे तर अलीकडच्या काळातली सर्वांत चांगली सुधारणा याच बाबतीत झाली आहे. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनवर गूगलने २०२४ पासून चोरीविरोधी लॉक उपलब्ध करून दिले आहे. फोनला बसलेला झटका आणि त्यानंतरची पळापळ ओळखून ते स्क्रीन लगेच लॉक करते. सेटिंगमध्ये गूगलच्या विभागात ते आधी चालू करावे लागते. आजवर ज्यांचे फोन मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचे ते बंदच होते. आयफोनची गोष्ट वेगळी. अमेरिकेत बारमध्ये शेजारी बसून पासकोड पाहायचा, मग फोन पळवून काही मिनिटांत ॲपल खात्याचा पासवर्डच बदलायचा, असे प्रकार २०२३ मध्ये गाजले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने चोरीपासून संरक्षणाची नवी सोय आणली. ती चालू असेल तर घर किंवा कार्यालयासारख्या नेहमीच्या जागांपासून दूर असताना नाजूक बदलांसाठी पासकोड पुरत नाही, चेहरा किंवा ठसाच लागतो, आणि खात्याचा पासवर्ड बदलायला तासाभराची सक्तीची प्रतीक्षा करावी लागते. आयफोन वापरणाऱ्या प्रत्येकाने ही सोय आजच तपासावी.

लॉक उत्तम असूनही बंद स्क्रीनवर ओटीपी झळकत असेल तर चोराला फोन उघडायची गरजच पडत नाही. म्हणून सूचनांच्या सेटिंगमध्ये संवेदनशील मजकूर लॉक स्क्रीनवर लपवण्याचा पर्याय निवडावा. स्क्रीन बंद झाल्यावर लॉक लागायला काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा अवधी ठेवलेला असतो, तोही काढून लॉक तत्काळ लागेल असे करावे.

पिन उघड होण्याची आणखी एक जागा म्हणजे दुरुस्तीचे दुकान. काच बदलायला दिली की काउंटरवरचा मुलगा पावतीवर नावाच्या खाली पिन लिहून घेतो, आणि ती पावती फोनलाच रबर लावून दिवसभर सगळ्यांसमोर पडलेली असते. हे मी माझ्या भागातल्या एका दुकानात स्वतः पाहिले आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, ज्यात तुमची माहिती झाकून फोन कारागिराला तपासता येतो. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय नाही, त्यांनी दुरुस्ती समोर बसून करून घ्यावी, नाहीतर तात्पुरता पिन ठेवून फोन परत मिळताच बदलावा.

शेवटचा मुद्दा सिम कार्डाचा, कारण फोन कितीही घट्ट बंद असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की तुमचे ओटीपी तिकडे येऊ लागतात. सिमला स्वतंत्र पिन ठेवता येतो. तो फोन सुरू करताना किंवा सिम हलवल्यावर विचारला जातो. हा पिन चालू करताना कंपनीने ठरवलेला मूळ पिन आधी द्यावा लागतो, आणि तो तीन वेळा चुकला की सिम अडकून पीयूके क्रमांक (अडकलेले सिम उघडण्याचा कंपनीकडचा आकडा) मागते, तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचे निकामी होते. म्हणून अंदाजाने आकडे टाकून पाहू नयेत. आपल्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडून मूळ पिन विचारून घ्यावा, आणि त्याच वेळी *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही वहीत उतरवून ठेवावा, कारण चोरीनंतर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर फोन बंद पाडण्यासाठी तोच मागितला जातो.